रेडिओची कानउघाडणी

हॅम लोकांचा, म्हणजे छंद म्हणून रेडिओवरून जगाशी गप्पा मारणाऱ्यांचा, रिसिव्हर म्हणजे काय चीज असते हे मी घरात सगळ्यांना ऐकवून ऐकवून कंटाळा आणलाय. सात मेगाहर्ट्झवर दुसऱ्या खंडातला कोणीतरी पाच वॅटवर मोर्स ठोकत बसलेला असतो, तो याला ऐकू येतो. आणि याच महाशयांना मिडियम वेव्हवर न्या, म्हणजे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ, जिथे स्टेशनं किलोवॅटांच्या भाषेत बोलतात, तर हे ठार बहिरे! नुसती खरखर, आणि खरखरीच्या मागे कोणीतरी बातम्या देत असावं असा संशय. शेजारी सेलवरचा खिशातला ट्रान्झिस्टर मात्र खणखणीत गातोय. सासरेबुवांनी एकदा दोन्हींकडे आळीपाळीने बघितलं आणि काही न बोलता ट्रान्झिस्टर आपल्याकडे ओढून घेतला. बोलले असते तर बरं झालं असतं.

सर्किट डायग्राम काढून बसलो तर कळलं की हे बहिरेपण जन्मजात नाही, मुद्दाम आणलेलं आहे. अशा बऱ्याच रेडिओंत १.६ मेगाहर्ट्झच्या खालच्या, म्हणजे मिडियम वेव्हच्या, फिल्टरच्या वाटेवर कंपनी एक अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल मुद्दाम कमी करणारा जोड, बसवून देते. तीन रेझिस्टर, एक मधे आडवा, दोन बाजूंनी ग्राउंडला. साधारण २० डीबीचा (डेसिबल, सिग्नल किती घटला याचं माप) असला तरी व्होल्टेज एक दशांश, पॉवर एक शतांश, आणि एस-मीटरचा, म्हणजे सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या काट्याचा, एक आकडा म्हणजे ६ डीबी धरला तर तीन-साडेतीन आकडे इथेच गुल. कंपनीचंही अगदी चूक नाही म्हणा, लांबलचक अँटेना आणि जवळ मोठा ट्रान्समीटर असला की रिसिव्हरचा पुढचा भाग ओव्हरलोड होतो आणि मग लोक कंपनीच्याच नावाने बोंबलतात. त्यापेक्षा सगळ्यांनाच थोडं कमी ऐकू द्या असा सरळ हिशेब. खिशातल्या ट्रान्झिस्टरला ही भानगडच नाही, त्याच्या पोटात फेराइटच्या, म्हणजे चुंबकीय मातीच्या, कांडीवर गुंडाळलेली कॉइल हीच अँटेना, ती त्याच बँडसाठी ट्यून केलेली, विषय संपला.

उपाय कागदावर फार सोपा आहे. ग्राउंडला गेलेले दोन रेझिस्टर काढा, मधला काढून तिथे वायरचा तुकडा जोडा. मधला नुसता काढून ठेवला तर सिग्नलच तुटतो आणि बहिरेपण पूर्ण होतं, एवढं लक्षात ठेवलं की झालं. कागदावर रेझिस्टर चांगला बोटभर असतो. बोर्डावर तो १.६ बाय ०.८ मिलिमीटरचा. अंगावर बारीक अक्षरात ६२०, म्हणजे सहाशेवीस नाही, बासष्ट ओहम, शेवटचा शून्य हा 'पुढे किती शून्यं' याचं उत्तर असतो. ते वाचायला भिंग, भिंग धरायला एक हात, सोल्डरिंग गनला दुसरा, चिमट्याला तिसरा. दोन्ही टोकं एकदम तापली पाहिजेत, नाहीतर खालचा कॉपरचा पॅड उचलून येतो, आणि दोन्ही एकदम तापली की तो मोती चिमट्यातून असा सुटतो की पुन्हा या जगात दिसत नाही. श्वास रोखून हे चाललेलं असताना बायको मागे येऊन उभी.

"बिघडलाय का?"

"नाही."

"मग उघडलात कशाला?"

याचं उत्तर कुठल्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये नाही.

झाकण लावलं, चालू केलं आणि काय सांगू, काटा धाडकन वर! सगळ्या बँडभर सारखाच वर. कारण रेडिओला आता स्टेशनांबरोबर आमचं अख्खं घर ऐकू यायला लागलं होतं. मोबाइलचा चार्जर गुरगुरतोय, एलईडी बल्ब किरकिरतोय, टीव्हीच्या ॲडॉप्टरचा तर वेगळाच राग. या सगळ्यांत स्विचिंगवाला पॉवर सप्लाय असतो आणि तो मिडियम वेव्हभर घाण टाकत असतो. मग एकेक प्लग काढत घरभर फिरायचं. "अहो, नेट गेलं!" "अहो, पंखा बंद का झाला?" (पंखा निर्दोष होता, त्याचा रेग्युलेटर नाही.) काही वायरींवर फेराइटचे क्लिप चढवले, थोडं शांत झालं. मग लाकडी चौकटीवर तार गुंडाळून, ट्यूनिंगसाठी फिरवायचा गँग कंडेन्सर लावून मीटरभराचा लूप अँटेना केला. लूपची खरी मजा स्टेशन पकडण्यात नाही, आवाज मारण्यात आहे: चौकटीचं तोंड गोंगाटाकडे वळवलं की एका अगदी नेमक्या कोनात तो गोंगाट गडप होतो, दोन अंश इकडेतिकडे झालं की हजर. तो कोन सापडून मी हात बाजूला घेतला आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर चौकटीवर ओला टॉवेल. वाळत घालायला सोयीची आहे म्हणे.

पण रात्री मात्र पैसे वसूल. दिवसा आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, सगळ्यात खालचा डी थर या लहरी गिळून टाकतो, सूर्य मावळला की तो विरतो आणि वरच्या थरांवरून शेकडो किलोमीटर लांबची स्टेशनं उतरायला लागतात. एका रात्री १३०५ वर एकदम नवं स्टेशन लागलं, मी वही उघडली, वेळ टाकली, तर दोन निवेदक एकाच वेळी बोलतायत आणि दोघांचे आवाज ओळखीचे. जवळचे दोन दांडगे, एक ६०३ चा, एक ७०२ चा, रिसिव्हरच्या आत बेरीज करून तिसरीकडे प्रकट झाले होते. त्यात मेख अशी की चॅनेल नऊ-नऊ किलोहर्ट्झवर, सगळे नऊच्या पाढ्यातले, त्यामुळे बेरीजही बरोब्बर चॅनेलवरच येते, शिट्टी नाही, काही नाही. भूत असून रीतसर पत्त्यावर राहतं.

त्यावर इलाज पुढच्या पॅनेलवरच आहे, एटीटी नावाचं बटण, म्हणजे हवा तेव्हा लावायचा अटेन्युएटरच. दाबलं की २० डीबी कमी. म्हणजे भिंग लावून जेवढं काढलं, जवळजवळ तेवढंच. दिवसा मी ते दाबून ठेवतो आणि लांबचं शोधायचं असलं की रात्री सोडतो. कंपनीच्या त्या तीन रेझिस्टरना ही रात्रीची सवलत नव्हती, पण हा फरक घरात समजावून सांगायच्या भानगडीत मी पडलेलो नाही.