सीडी घासण्याआधी जरा थांबा

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: ‘ओरखडे पडलेली सीडी फेकू नका! टूथपेस्ट लावून दोन्ही बाजूंनी गोल गोल घासा, डाग हट्टी असेल तर नेलपॉलिश रिमूव्हर वापरा, मग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. १०० टक्के डेटा परत!’ नौपाड्यातल्या मामीने तो वाचून धाकट्याच्या मुंजीच्या फोटोंची सीडी बाहेर काढली आणि मला फोन केला, “जेलवाली चालेल का रे, की पांढरीच हवी?” म्हणून हे लिहितोय.

आधी ते ‘दोन्ही बाजूंनी’. सगळा घात तिथे आहे. सीडी १.२ मिलिमीटर जाड असते, पण डेटा चकचकीत बाजूला नसतोच. आपण ज्या बाजूवर मार्करने नाव लिहितो, तिच्या लगेच खाली तो असतो. लेसर खालून शिरतो आणि प्लास्टिकची जवळजवळ अख्खी जाडी ओलांडून तिथवर पोचतो. त्यामुळे खालचा ओरखडा म्हणजे खिडकीच्या काचेवरचा चरा. घरातलं सामान शाबूत असतं. वरच्या बाजूला मात्र घरी बर्न केलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर, त्यावर धातूचा मुलामा आणि त्यावर लॅकरचा पापुद्रा, बस्स. तिथे घासलंत की मुलामाच निघून येतो. उजेडासमोर धरा, आरपार भोकं दिसतील. तिथला डेटा कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. (डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती वरून जरा चिवट. फॉरवर्डवाल्याला एवढ्या खोलात कशाला जायचंय!)

‘गोल गोल’ही तितकंच वाईट. ट्रॅक गोल फिरतो, त्याच्याच दिशेने चरा पडला की सलग डेटा जातो. सीडीची स्वतःची चूकदुरुस्ती साधारण अडीच मिलिमीटरची सलग तूट भरून काढते, त्यापुढे हात टेकते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २००३ मध्ये ग्रंथालयांसाठी काढलेल्या पुस्तिकेत साफ लिहिलंय: मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नको. अ‍ॅसिटोनसारखे सॉल्व्हंट नकोत, हेही तिथेच आहे. बऱ्याच नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये अ‍ॅसिटोनच असतं. त्याने प्लास्टिक धुरकट होतं.

फ्रीझरबद्दल काय बोलणार? थंडीने ओरखडा भरत नाही. बाहेर काढल्यावर ठाण्याच्या दमट हवेत दव धरेल, तेवढंच.

टूथपेस्टचं, ठीक आहे, अर्धं खरं. तिच्यातल्या बारीक कणांनी खालच्या बाजूचा उथळ चरा गुळगुळीत होतो आणि कधीकधी सीडी चालतेही. पण हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. आधी मऊ सुती कापडाने पुसून सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एकाला न वाचता आलेलं दुसरा वाचतो, असं पुष्कळदा होतं. डीडीरेस्क्यू हे फुकट सॉफ्टवेअर आधी चांगला भाग उतरवून घेतं, मग खराब जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. अर्धवट राहिलेलं काम दुसऱ्या ड्राइव्हवर तिथूनच पुढे नेता येतं. जेवढं निघेल तेवढं कॉपी झाल्यावर मग हवी तर पेस्ट काढा. पांढरी, आणि फक्त खालच्या बाजूला.