‘डीएनएसपेक्षा डीएनएफ बरा’ म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

ट्रायथलॉनचा (पोहणं, सायकल आणि पळणं, एकामागोमाग) रेस सीझन जवळ आला की एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो, यंदाही आलाय, आणि खाली अंगठ्यांची नि आगीच्या इमोजींची रांग लागलीये. मजकूर थोडक्यात असा: "सगळ्यात शेवटी येणं डीएनएफपेक्षा भारी, आणि डीएनएफ डीएनएसपेक्षा भारी. ज्युली मॉस रांगत गेली, फ्रोडेनो चालत गेला, क्रिसी जखमा घेऊन जिंकली. दुखणं डोक्यात असतं, रेस सुरू झाली की विसरायला होतं. फारच वाटलं तर एक गोळी घ्या. वर्षभराची मेहनत आणि पैसे वाया घालवू नका, स्टार्ट लाइनला उभे राहा."

नवीन लोकांसाठी सांगतो, डीएनएफ म्हणजे रेस सुरू केली पण संपवली नाही, डीएनएस म्हणजे सुरूच केली नाही. एरवी असले मेसेज मी सोडून देतो. पण पुणे-कोल्हापूर-नाशिककडची कितीतरी माणसं गोव्याच्या ७०.३ ला (म्हणजे हाफ आयर्नमॅन, शेवटी २१ किलोमीटर पळणं), कुणी बाहेरच्या देशात फुल आयर्नमॅनला (त्याच्या दुप्पट, शेवटी पूर्ण मॅरेथॉन) जाणारेत, त्यातल्या काहींचा पाय आत्ता दुखतोय, आणि अशा माणसाच्या हातात हा मेसेज पडला की तो सल्ला होऊन बसतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"ज्युली मॉस रांगत गेली." गेली, खरंय. फेब्रुवारी १९८२, हवाईची आयर्नमॅन रेस, बायकांमध्ये ती पुढे होती आणि फिनिश नजरेसमोर असताना कोसळली, कॅथलीन मॅकार्टनी तिला मागे टाकून २९ सेकंदांनी जिंकली आणि ज्युली रांगत रांगत पोचली. पण ती कोसळली ती अंगातलं पाणी आणि ताकद संपली म्हणून. तिचं हाड मोडलेलं नव्हतं, की आठवडाभर लंगडत ती तिथे आली नव्हती. थकवा आणि दुखापत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थकलेलं शरीर पाणी, साखर, झोप मिळाली की सावरतं, तडा गेलेल्या हाडावर पळालात तर तो तडा वाढतो. या एका फोटोवर सगळा फॉरवर्ड उभा आहे आणि त्या फोटोत दुखापत नाहीच.

"फ्रोडेनो चालत गेला." हे अर्धंच सांगितलंय आणि मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो. २०१७ ला कोनामध्ये, म्हणजे हवाईतल्या आयर्नमॅन वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये, यान फ्रोडेनोची पाठ धरली, आधीची दोन वर्षं तोच चॅम्पियन होता, तरी चालत-थांबत ९ तास १५ मिनिटांत त्याने रेस पूर्ण केली. कौतुक आहेच. आता पुढचं वर्ष बघा ना. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये तो ७०.३ चा वर्ल्ड चॅम्पियन झाला, म्हणजे फॉर्म जबरदस्त, आणि त्यानंतर कळलं की खुब्याजवळच्या हाडात स्ट्रेस फ्रॅक्चर आहे. त्याने कोना सोडली. डीएनएस. २०१९ ला परत आला आणि ७ तास ५१ मिनिटं १३ सेकंदांत जिंकला, तेव्हाचा कोर्स रेकॉर्ड. पाठ धरली तेव्हा चालणारा आणि हाडाला तडा गेल्यावर घरी थांबणारा माणूस एकच आहे, दोन्ही वेळा काय दुखावलंय ते बघून त्याने ठरवलं.

क्रिसी वेलिंग्टनचंही तसंच. २०११ ला कोनाच्या दोनच आठवडे आधी ती सायकलवरून पडली, अंगभर खरचटलेलं, पायाच्या जखमेत इन्फेक्शन, छातीचा स्नायू दुखावलेला, आणि तरी जिंकली. मान्य, शंभर टक्के मान्य. पण आदल्याच वर्षी, २०१० ला, ती आजारी होती म्हणून रेसच्या दिवशी सकाळी तिने नाव मागे घेतलं होतं, तेही चॅम्पियन असताना. ते फॉरवर्डमध्ये का नाही? आणि लूसी चार्ल्स-बार्कली, २०२२ च्या सुरुवातीला तिला खुब्याचं स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, मे महिन्यातली वर्ल्ड चॅम्पियनशिप तिने सोडली, ऑक्टोबरमध्ये कोनाला दुसरी आली आणि २०२३ ला जिंकली.

"दुखणं डोक्यात असतं, रेस सुरू झाली की विसरायला होतं." विसरायला होतं हे बरोबर आहे, आणि भीती नेमकी तीच आहे. जोशात दुखणं दबतं, इजा दबत नाही. फुलच्या मॅरेथॉनमध्ये चाळीस हजारांच्या आसपास पावलं पडतात आणि पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. थांब म्हणून सांगणारी वेदनाच गप्प झाली तर तुम्हाला थांबवणार कोण?

आमच्याकडच्या एका दादांचं सांगतो. नडगी आतल्या बाजूने दुखत होती, "शिन स्प्लिंट आहे, पळता पळता जाईल" म्हणून चालू होतं. फिजिओ ताईंनी त्यांना टेबलवर पाय सोडून बसवलं आणि अंगठ्याने नडगीच्या कडेवरून वरून खाली दाबत आल्या. शिन स्प्लिंटचं दुखणं सहसा लांबवर पसरलेलं असतं, यांच्या बाबतीत अंगठा रुपयाच्या नाण्याएवढ्या एका जागेवर आला आणि दादांनी पाय झटकन ओढून घेतला. मग त्या म्हणाल्या, "दादा, त्याच पायावर एक उडी मारून दाखवा." दादा उभे राहिले, गुडघा वाकवला, आणि उडी न मारताच दुसरा पाय टेकवला. एक्स-रे साफ होता. सुरुवातीच्या दिवसांत तो साफच येऊ शकतो, हे लक्षात ठेवा, "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून खुश होऊन बिब (रेसचा नंबर) घ्यायला जाऊ नका. एमआरआयमध्ये तडा दिसला. त्यांनी रेस सोडली, पोहणं चालू ठेवलं आणि पुढच्या सीझनला उतरले.

आणि नडगीची ती जागा त्यातल्या त्यात बरी, विश्रांतीने भरून येते. जांघेत खोल दुखतंय, पाय टेकला की कळ येतेय, रात्री झोपेतही ठणकतंय, तर खुब्याच्या मानेचं स्ट्रेस फ्रॅक्चर नाही ना हे आधी बघा. ते सरकलं तर ऑपरेशन, स्क्रू, आणि हाडाचा रक्तपुरवठा तुटायची भीती. नडगीची पुढची कड, पायाच्या मधलं नॅव्हिक्युलर, करंगळीमागच्या पाचव्या मेटाटार्सलचं बूड, या जागाही तशाच वाईट, लवकर जुळत नाहीत. इथे "हिंमत असेल तर उभा राहा" म्हणणं मला गुन्ह्याएवढं वाटतं.

म्हणजे काहीही दुखलं की घरी बसा असं मी म्हणत नाहीये. स्नायूबंधांचं गणित वेगळं असतं. २००७ साली स्वीडनमध्ये टाचेमागच्या अकिलीस स्नायूबंधाच्या दुखण्यावर अभ्यास झाला, त्यात एका गटाला दहापैकी पाचपर्यंत दुखणं चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे, अशा अटीवर पळू दिलं होतं, आणि त्यांची सुधारणा पळणं बंद ठेवलेल्यांइतकीच होती. त्यामुळे टाच सकाळी आखडते, थोडं चाललं की मोकळी होते, चाल बदलत नाही, आठवड्यागणिक वाढत नाहीये, तर फिजिओशी बोलून जरूर उतरा, वेळेचं टार्गेट तेवढं सोडा. पण लंगडावं लागत असेल तर विषय संपला, लंगडत २१ किलोमीटर गेलात की दुसरा पायही दुखावून घ्याल.

"एक गोळी घ्या." कृपा करून नको. कॉम्बिफ्लाम आपल्याकडे प्रत्येकाच्या बॅगेत असते आणि त्यात इब्युप्रोफेन असतं. दमट हवेत तासन्‌तास घाम गाळताना मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त आधीच कमी झालेलं असतं, या गोळ्या ते आणखी कमी करतात, रक्तातलं सोडियम उतरायचा धोकाही वाढतो. २०१७ मध्ये अल्ट्रारनर्सवरचा एक अभ्यास आला, इब्युप्रोफेन घेतलेल्यांपैकी ५२ टक्क्यांच्या आणि खोटी गोळी घेतलेल्यांपैकी ३४ टक्क्यांच्या मूत्रपिंडांवर ताण दिसला. अभ्यास छोटा होता, फरक अगदी पक्का म्हणता येत नाही, पण आपण स्वतःच्या मूत्रपिंडावर प्रयोग कशाला करायचा? इंजेक्शनवाल्यांनीही ऐका, स्टेरॉइडचं इंजेक्शन, कुठेही टोचलेलं असो, २०२२ पासून स्पर्धेच्या काळात वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत आहे, हौशी खेळाडूंनाही ते लागू होतं.

"मेहनत आणि पैसे वाया." एंट्री फी, व्हिसा, विमान, बाइक बॉक्स, सगळं ऑफिस "कधी आहे रे रेस" विचारतंय, हे दडपण खरं आहे, हलकं घेऊ नका. पण ते पैसे कधीच गेलेत, तुम्ही पळालात म्हणून परत येत नाहीत, वर एमआरआय, ऑपरेशन आणि सुट्ट्यांचा खर्च वाढतो. मेडल नाही, पाय नाही आणि पुढचा सीझनही नाही, तेलही गेलं तूपही गेलं. आयोजकांना लवकर मेल टाका, कुठे कुठे दुसऱ्या रेसला एंट्री वळवून मिळते, पण तारीख उलटली की काही नाही. आणि मेहनत कुठे जात नाही हो, वर्षभर कमावलेला दम दोन-तीन आठवड्यांत संपत नाही, डॉक्टर हो म्हणाले तर पोहणं, खोल पाण्यातलं पळणं, सायकल यावर बराचसा टिकतो.

राहिला तो पहिला मुद्दा, डीएनएस म्हणजे सगळ्यात खालची पायरी. तयारी झालीये, शरीर धडधाकट आहे आणि फक्त भीती वाटतेय, अशा माणसाला हे वाक्य सांगा, त्याला त्याचा उपयोग होईल. दुखापतवाल्याला सांगू नका.

आणि डॉक्टर-फिजिओने "पोहा, सायकल मारा, पळू नका" असं सांगितलेलं असेल तर तोही मार्ग आहे. आदल्या रात्रीच घरच्यांना सांगून ठेवा की मी टी-टूला (सायकल ठेवून पळायला निघतात त्या जागी) थांबणार, कारण तिथे लोक ओरडत असतात, ढोल वाजत असतो आणि पाय आपोआप रन कोर्सकडे वळतो. सायकल रॅकला लावा, घोट्यावरची टायमिंग चिप काढून अधिकाऱ्याच्या हातात द्या, बिब नंबर सांगा आणि नाव नोंदवलं गेलंय ना ते बघूनच तिथून निघा, नाहीतर रात्री तुम्हाला कोर्सवर शोधत फिरतील.