एअरलाइनचं प्रीमियम कार्ड: "हिशेब कंजूसपणे केलाय" या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच लिहायला बसलो असतो तर नुसता वाद झाला असता, म्हणून दोन दिवस थांबलो आणि तुम्ही दिलेले आकडे वहीत मांडून बघितले. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लेखात म्हटलं होतं की एअरलाइनचं प्रीमियम क्रेडिट कार्ड बहुतेक लोकांना परवडत नाही. त्यावर तुमचं म्हणणं असं की मी हिशेब कंजूसपणे केलाय, लाउंजची (विमानतळावरची बसायची-खाण्यापिण्याची खास जागा) आणि बिझनेस क्लासच्या सीटची किंमत जवळजवळ धरलीच नाही, कम्पॅनियन तिकीट (आपल्या तिकिटासोबत जोडीदाराचं तिकीट फक्त टॅक्स भरून मिळतं ते) एका ओळीत उडवून लावलं, आणि एकूण लेख "कार्ड कधी हातात न धरलेल्या माणसाचा" वाटतो. सोबत तुम्ही गेल्या वर्षीचा तुमचा हिशेब दिलाय, फीच्या साडेचारपट परत मिळाले असा.

शेवटचा मुद्दा आधी घेतो. असं कार्ड मी तीन वर्षं वापरलंय. पहिल्या वर्षी वेलकम बोनसमध्ये, म्हणजे नवीन कार्ड घेतल्याबद्दल, एवढे माइल्स (तिकिटासाठी वापरता येणारे एअरलाइनचे पॉइंट) आले की फी कधी भरली हेसुद्धा विसरलो. दुसऱ्या वर्षी बोनस नव्हता, फी मात्र तेवढीच होती. कम्पॅनियन तिकीट रिन्युअल झाल्यावर मिळालं पण आम्हाला हव्या त्या सुट्टीच्या तारखांना ते चालेना, शेवटी मुदत संपत आली म्हणून आम्ही दोघं अशा ठिकाणी जाऊन आलो जिथे एरवी गेलो नसतो, हॉटेलचा खर्च वेगळा. तिसऱ्या वर्षी मी एकेक फायदा लिहून ठेवायला लागलो आणि चौथ्या वर्षाची फी लागायच्या आत कार्ड बंद केलं. लेखात हे सगळं लिहायला हवं होतं, ते राहिलं, ही माझी चूक.

आता तुमचा हिशेब. सगळ्यांना समजावं म्हणून तुमचे आकडे मी फीच्या प्रमाणात करून घेतलेत, म्हणजे वार्षिक फी १०० धरली तर लाउंज १५०, माइल्स १६०, कम्पॅनियन तिकीट १२०, फुकट चेक-इन बॅग २०. बेरीज ४५०. तुमची बेरीज बरोबरच आहे, माझं भांडण आहे ते प्रत्येक ओळीतल्या किमतीशी.

लाउंजला तुम्ही दहा वेळा गेलात आणि दारावरचा रेट लावून प्रत्येक वेळेचे १५ धरलेत. पण कार्ड नसतं तर तुम्ही तो रेट देऊन दहा वेळा आत गेला असतात का? तुम्हीच लिहिलंय की त्यातल्या सहा फेऱ्या ऑफिसच्या होत्या, म्हणजे खाण्यापिण्याचे पैसे कंपनीच देते. उरलेल्या चार वेळा बाहेर खाल्लं असतं तर प्रत्येकी ३ गेले असते, ते झाले १२. फ्लाइट पाच तास लेट झाली तेव्हा आत शांत बसायला मिळालं, त्याची किंमत आहे हे मला पूर्ण मान्य, म्हणून मी सगळं मिळून २५ धरतो. तुम्हाला ३० वाटले तर ३० धरा, पण १५० नाही हो.

माइल्सचं थोडं सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. माइलची किंमत काढायची तर तिकिटाच्या रोख भावातून अवॉर्ड तिकिटावर, म्हणजे माइल्स देऊन काढलेल्या तिकिटावर, भरावा लागलेला टॅक्स आणि सरचार्ज वजा करायचा आणि जे उरेल त्याला लागलेल्या माइल्सने भागायचं. हे तुम्ही केलंय, पण रोख भाव धरलाय बिझनेस क्लासचा. माझ्या दृष्टीने भाव धरायचा तो तुम्ही खिशातून खरंच काढून दिला असतात तोच. तुम्ही इकॉनॉमीनेच गेला असतात, तेही प्रतिक्रियेत आहे. इकॉनॉमीचं तिकीट तुमच्या प्रमाणात ६० होतं, अवॉर्डवर टॅक्स २० गेला, उरले ४०. त्यावर रात्रभर आडवं होऊन झोपायला मिळालं त्यासाठी तुम्ही खुशीने जास्तीचे किती दिले असते? मी ३० धरतो. झाले ७०.

आणि एक ओळ तुमच्या हिशेबात नाहीच, खरं तर माझ्या लेखातही ती पुरेशी ठळक नव्हती. तोच वर्षभराचा खर्च एखाद्या साध्या, बिनफीच्या कॅशबॅक कार्डावर केला असता तर काहीतरी रोख परत आलंच असतं. तुमच्या खर्चाच्या आकड्यावर दीड टक्का धरला तर ते ४५ होतात. हे ४५ तुम्ही माइल्स घेण्यासाठी सोडलेत, ते वजा व्हायला पाहिजेत.

तर कम्पॅनियन तिकीट बाजूला ठेवलं तर २५ अधिक ७० अधिक बॅगचे २०, म्हणजे ११५, त्यातून ४५ गेले, राहिले ७०. फी १००. तोटा.

पण इथेच तुमचा मुद्दा मला पटला, आणि तो मनापासून पटला. कम्पॅनियन तिकीट मी माझ्या वाईट अनुभवावरून उडवून लावलं होतं. तुम्ही दोघं दरवर्षी आई-वडिलांना भेटायला त्याच रूटवर जाता, तारखा चार-पाच महिने आधी ठरलेल्या असतात, दुसरं तिकीट कार्ड नसतं तरी तुम्ही काढलंच असतं. मग ती खरी बचत आहे. १२० मधून त्या तिकिटावर भरावे लागणारे टॅक्स २५ गेले तरी ९५ राहतात. ७० अधिक ९५, म्हणजे १६५. साडेचारपट नाही पण फी वसूल होऊन वर बरंच उरतं. तुमच्या घरात हे कार्ड या एका तिकिटावर उभं आहे. ज्या वर्षी ती ट्रिप होणार नाही किंवा नियम बदलतील त्या वर्षी ते परवडणार नाही.

नियम बदलतात म्हणताना मी उगाच भीती घालत नाहीये. अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने १९८१ च्या मे महिन्यात आपला माइल्सचा प्रोग्रॅम सुरू केला तेव्हा तो नेहमी उडणाऱ्यांना धरून ठेवण्यासाठी होता. आज एअरलाइन माइल्स बँकेला विकते, बँक ते आपल्याला खर्चावर वाटते, आणि हा धंदा एवढा मोठा झालाय की २०२० मध्ये विमानं जमिनीवर असताना डेल्टा या अमेरिकेतल्या एअरलाइनने आपला स्कायमाइल्स प्रोग्रॅम तारण ठेवून ९ अब्ज डॉलर उभे केले. एका माइलला काय मिळेल हे मात्र एअरलाइनच ठरवते. डेल्टाने २०१५ मध्ये आणि युनायटेड या तिथल्याच दुसऱ्या एअरलाइनने २०१९ मध्ये अवॉर्ड चार्ट काढून टाकले, म्हणजे कुठल्या सीटला किती माइल्स लागतील याचा ठरलेला तक्ताच राहिला नाही. लाउंजचंही तेच. डेल्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये कार्डधारकांच्या लाउंज भेटींवर मर्यादा जाहीर केली, लोक एवढे चिडले की महिन्याभरात कंपनीला थोडं मागे यावं लागलं, तरी फेब्रुवारी २०२५ पासून त्यांच्या सगळ्यात महागड्या पर्सनल कार्डावर वर्षाला १५ भेटी एवढीच मर्यादा आहे, मोठा खर्च केलात तरच ती उठते. आणि एअरलाइनच बुडाली तर काय होतं ते २०१७ मध्ये एअर बर्लिन या जर्मन एअरलाइनच्या प्रवाशांनी बघितलं, कंपनीपाठोपाठ माइल्सचा प्रोग्रॅमही दिवाळखोरीत गेला. म्हणून "पाच वर्षं साठवून मोठी ट्रिप करू" हा तुमच्या प्रतिक्रियेतला बेत मला सगळ्यात जास्त खटकला. माइल्स साठवू नका, दर दोन वर्षांनी वापरून टाका.

कंजूसपणाबद्दलही बोलतो, कारण ते जरा लागलं. मी कडक हिशेब करतो त्याला कारण आहे. माझ्या मावसभावाने असंच कार्ड घेतलं, वेलकम बोनससाठी तीन महिन्यांत ठरावीक खर्च करायचा होता, तो पूर्ण करायला त्याने नको असलेल्या वस्तू घेतल्या आणि पूर्ण बिल भरता आलं नाही म्हणून मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, तेवढीच भरत राहिला. महिन्याला ३ टक्के व्याज म्हणजे वर्षाला ३६ नाही, व्याजावर व्याज धरून ते ४२ टक्क्यांच्या वर जातं, आणि बाकी असली की नव्या खरेदीलासुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. बोनसचे माइल्स त्याला मिळाले, त्याच्या किमतीपेक्षा जास्त व्याज त्याने सात महिन्यांत भरलं. त्याला कुणी हिशेब मांडून दाखवला नव्हता, मीसुद्धा नाही, उलट माझं कार्ड बघूनच त्याने ते घेतलं होतं. ही गोष्ट अजून मनात आहे. तुम्ही बिल पूर्ण भरता, तारीख चुकवत नाही, तुम्हाला हे लागू नाही, पण लेख वाचणारे सगळे तुमच्यासारखे नसतात आणि जो बाकी ठेवतो त्याला कुठल्याही माइल्सने फायदा होत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की पुढच्या महिन्यात रिन्युअल आहे, ठेवू की बंद करू. पुढच्या वर्षीची आई-वडिलांकडची ट्रिप नक्की असेल तर ठेवा. पण फी लागायच्या आधी बँकेला फोन करा आणि कम्पॅनियन तिकीट रिन्युअलनंतर किती दिवसांनी खात्यात येतं, कुठल्या फेअर क्लासला (तिकिटाच्या भावाच्या प्रकाराला) चालतं आणि मुदत बुकिंगची आहे की प्रवासाची, हे विचारून उत्तर ईमेलवर मागून घ्या. मी फोनवरच्या उत्तरावर विसंबलो होतो. बंद करायचा विचार आहे असं सांगितलं तर कधी कधी फीमध्ये सूट किंवा जादा माइल्स देतात, तेही विचारा. आणि पत्नीच्या नावाने दुसरं कार्ड घ्यायचं म्हणताय ते आत्ता नको, एका घरात वर्षाला एकच ट्रिप असताना दोन कम्पॅनियन तिकिटं कुठे वापरणार?

लेखातली कम्पॅनियन तिकिटाची ती ओळ मी आज सकाळी काढली, तिथे तुमच्या घरासारखं उदाहरण घातलंय आणि कॅशबॅकची वजाबाकी वर आणलीये. एकदा नजर टाका. तुमच्या ट्रिपच्या तारखांना ते तिकीट खरंच लागलं की नाही, तेही इथेच कळवा, लागलं नाही तर ते उदाहरण मला पुन्हा बदलावं लागेल.