तिला लहान मुलांची नर्सच व्हायचंय

आज घरी पाहुणे आले होते. बोलता बोलता भाची म्हणाली, मला लहान मुलांची नर्स व्हायचंय. लगेच उत्तर आलं, "अगं, मार्क चांगले आहेत ना तुझे? मग डॉक्टर हो की!" पोरीचा चेहराच उतरला. पाहुण्यांवर आवाज चढवता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

हुशार मुलींनी नर्स व्हायचं नाही, तर कुणी व्हायचं? बाळाचं जवळजवळ प्रत्येक औषध त्याच्या वजनावर मोजतात. दशांशचिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट. किलोभराच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त जेमतेम ८०-९० मिलिलिटर, म्हणजे तपासणीला काढलेलं रक्तही हिशेबात धरायचं. हे काय कुणीही करावं असं काम आहे?

माझी लेक वेळेआधी जन्मली, काचेच्या पेटीत होती. त्या रात्री मॉनिटर गप्प, आकडे ठीक. तरी सिस्टर वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "नाकपुड्या फुलतायत हिच्या. बरगड्यांखाली खड्डा पडतोय." डॉक्टरांना त्यांनीच बोलावलं. जंतुसंसर्ग सुरू झाला होता.

पाहुण्यांना हे कसं समजावू? बाळ कुठे दुखतंय ते सांगत नाही. लहान मुलाचं ब्लड प्रेशर बराच वेळ तग धरतं आणि मग एकदम कोसळतं. त्याच्या आधीचं ओळखायचं असतं. सिस्टरांनी ते नुसत्या श्वासावरून ओळखलं.

हो, नाइट ड्यूटी असते, पाठ जाते, कष्टांच्या मानाने पगार तोकडा. मान्य.

आणि बाळं दगावतातही. आमच्या शेजारच्या पेटीतलं गेलं. सिस्टर तोंड धुऊन आल्या आणि माझ्या लेकीला माझ्या उघड्या छातीवर ठेवून वरून कापड बांधलं. कांगारू पद्धत. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात पेट्या कमी पडत होत्या, तिथे ती सुरू झाली. लेकीचा श्वास माझ्या श्वासावर स्थिरावेपर्यंत त्या हलल्या नाहीत. त्यांचे डोळे लाल होते. मी काहीच बोलू शकले नाही.

तुमच्यापैकी कुणी बालरोग विभागात किंवा एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ड्यूटी करत असेल, तर भाचीशी बोलाल का? नुसतं गोड बोलू नका. शीर सापडत नाही तेव्हा काय करता, रडणाऱ्या बाळापेक्षा घाबरलेल्या आईबापाला कसं सांभाळता, बाळ गेल्यावर घरी जाऊन झोप लागते का, सगळं सांगा. मग तिचं तिला ठरवू दे. इनबॉक्समध्ये कळवा, तिचा नंबर देते.