पालीऐवजी गाय

बालकथांना प्रकाशक हवा तर अप्पा बळवंत चौकात जा, असं सांगणाऱ्याने आधी तिथे एकदा गाडी लावून दाखवावी. मी शनिवारवाड्यापाशी लावली आणि घामाघूम होऊन जिना चढले. प्रकाशक फोनवर होते. समोर एक निवृत्त काका चहा पीत बसले होते. मी फाइल टेबलावर ठेवली, ती काकांनी उचलली. अगदी हक्काने.

"पाल?"

"हो. ट्यूबलाइटमागे राहणारी. तिला अंधाराची भीती वाटते."

"शी. गाय घ्या."

"ट्यूबलाइटमागे गाय कशी राहील?"

"ते लेखकानं बघायचं, ताई. बरं, बोध काय?"

"बोध नाही. शेवटी तिला झोप लागते."

"मग मुलांनी काय घ्यायचं त्यातून? शेपटी तुटते का?"

"नाही."

"तुटायला हवी. खोटं बोलली म्हणून तुटली. झाला बोध."

"पालीची शेपटी परत येते, काका."

"मग क्षमा केली म्हणून परत आली. दोन बोध झाले!"

एवढं होईपर्यंत त्यांचा चहाचा ग्लास माझ्या तिसऱ्या पानावर विसावला होता. तो डाग अजून तिथे आहे, आणि तो बघून अजून माझं डोकं फिरतं. ते पान मी आठ वेळा लिहिलंय, हे कुणाला सांगायचं?

प्रकाशकांनी फोन ठेवला. सोळा पानं म्हणजे एक फॉर्म, चार रंगांची छपाई, चित्रकाराचं मानधन, विक्रेत्याचं कमिशन असं सगळं भराभर सांगून झालं. किंमत शंभराच्या वर गेली की पालक पुस्तक परत ठेवतात, म्हणाले. तेव्हा पाचशे प्रती काढू, त्यातल्या तीनशे तुम्ही घ्या, पैसे आगाऊ. मी रॉयल्टीचं विचारलं, तर त्यांनी पंखा वाढवला.

तीनशे प्रती मीच विकत घ्यायच्या तर प्रकाशक मी की ते? बालसाहित्याचे गोडवे गाण्यात आपण कमी नाही. बालभारतीचं 'किशोर' १९७१पासून निघतंय, साहित्य अकादमी २०१०पासून बालसाहित्याला वेगळा पुरस्कार देते, २०२४मध्ये तर मराठी अभिजातही झाली. पण सात वर्षांच्या पोराला आज रात्री वाचायला नवी मराठी गोष्ट हवी असेल, तर ती लिहिणाऱ्या बाईने आधी स्वतःच्या खिशात हात घालायचा. आणि मग उरलेले गठ्ठे कॉटखाली ठेवायचे. माझ्या कॉटखाली आधीच सासूबाईंची पितळी भांडी आहेत.

मी फाइल उचलली. काका मायेने म्हणाले, "नाराज होऊ नका. माझंही दिवाळीत येतंय. बालकथाच. तीनशे प्रती घेतल्या मी. नातेवाइकांत सहज खपतात."

"गाय आहे त्यात?"

"मुखपृष्ठावर."