सरासरी ९२ टक्के, म्हणे!

शाळेच्या अहवालात पुन्हा तेच! 'शाळेची हजेरी ९२ टक्के.' अहो, ४० च्या वर्गात ३५ मुलं ९७ टक्के दिवस आली आणि ५ जण जेमतेम ५७ टक्के, तरी सरासरी ९२च भरते. त्या पाचांचं वाचन कुठे अडलंय, हे हा आकडा सांगणार?

हजेरी एका फाइलमध्ये, भाषेचे गुण दुसरीत. दोन्ही फाइली जोडायच्या कशाने? तर हजेरी क्रमांकाने, जो दर वर्षी बदलतो! मग एका मुलीचं वाचन दुसऱ्याच मुलीच्या गैरहजेरीला चिकटतं. कायमचा विद्यार्थी क्रमांक टाकायला हात दुखतात का? भाषेची तर एकच बेरीज: श्रवण, संभाषण, वाचन, लेखन सगळं एकत्र. पोरगं घडाघडा बोलतं पण परिच्छेद वाचताना अडखळतं, हे कळणार कुठून?

चाचणीला जे आलेच नाहीत ते सरासरीतून गायब, आणि निकाल 'सुधारला'! वा! पुढच्या वेळी कच्ची मुलं सगळीच घरी बसवा, प्रगतीच प्रगती.

आणि हे आकडे हातात कधी? वर्ष संपल्यावर. महिन्याला दोन-तीन दिवस बुडवणारं मूल पहिल्याच महिन्यात यादीत दिसायला हवं. निकालपत्रकासोबत कळून त्या आकड्याचं काय लोणचं घालायचं?