त्या भिंतीपुढे मी हसत होते

सकाळी सकाळी फेसबुकने 'आठवण' पुढ्यात टाकली. ११ वर्षांपूर्वीची जालियनवाला बाग. भिंतीवर पांढऱ्या चौकोनात गोळीची खूण, तिच्याकडे बोट दाखवणारी मी, गॉगल डोक्यावर आणि बत्तिशी बाहेर. खाली कमेंट: 'मस्त गं!', 'शहिदांना नमन, ड्रेस कुठून घेतलास?' आणि मी प्रत्येकीला 'थँक्यू डिअर' लिहिलंय. चहा घशाखाली उतरेना.

फोटो बाबांनी काढलेला. माझा फोन ते दोन्ही हातांनी, भरलेलं ताट धरावं तसा धरायचे. मी म्हटलं, आता तुम्ही उभे राहा. तर म्हणाले, "नको गं, इथं नको." मला वाटलं, उन्हाने दमले.

नारायण विनायक विरकर हे नाव तुमच्यापैकी कितीजणांनी ऐकलंय? मीही अगदी अलीकडे ऐकलं. मुंबईचे छायाचित्रकार, आपले मराठी. १३ एप्रिल १९१९ च्या त्या संध्याकाळी १६५० गोळ्या झाडल्या गेल्या, मेलेल्यांचा सरकारी आकडा ३७९, आणि प्रत्यक्ष गोळीबाराचा फोटो कुठेही नाही. विरकर नंतर तिथे गेले आणि त्यांनी भिंती टिपल्या. भिंतीजवळ माणसं उभी आहेत, गोळ्यांच्या खुणांकडे हात दाखवत. माझीच पोझ! फक्त ती माणसं साक्ष देत होती आणि मी प्रोफाइल पिक्चर बदलत होते.

त्याच अमृतसरच्या एका गल्लीत लोकांना पोटावर सरपटायला लावलं, त्याचा मात्र फोटो आहे. असणारच. तो काढला ब्रिटिश सैनिकाने. ज्याच्या हातात बंदूक त्याच्याच हातात कॅमेरा. लखनौच्या सिकंदर बागेत इंग्रज फौजेने माणसं मारली नोव्हेंबर १८५७ मध्ये, आणि फेलिचे बियातो हा छायाचित्रकार तिथे पोचला १८५८ मध्ये. अंगणात विखुरलेली हाडं त्याच्या फोटोत दिसतात. ती फोटोसाठी पुन्हा बाहेर काढून मांडली होती, असं अनेक अभ्यासक मानतात. मांडली! दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी पणत्या मांडतात तशी.

आणि हूपर, इंग्रजी फौजेतला अधिकारी, हौशी छायाचित्रकार. १८७६-७८ च्या दुष्काळात मद्रासकडच्या हाडांच्या सापळ्यांना त्याने ओळीने बसवून फोटो काढले. (आपलं सोलापूर, नगरही तेव्हा होरपळत होतं.) याच गृहस्थाने पुढे १८८६ मध्ये मंडालेत गोळ्या घालून मारायच्या कैद्यांचा नेमका तो क्षण पकडायचा म्हणून कॅमेरा लावला. चौकशी झाली, समज मिळाली. समज!

हो, फोटोंनी कधी कधी कामही केलंय, हे मान्य. १९०४ मध्ये काँगोत ॲलिस सीली हॅरिस या इंग्रज मिशनरी बाईने एका बापाचा फोटो काढला, पुढ्यात त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचा तोडलेला हात आणि पाऊल. असे फोटो सभांमधून दाखवले गेले आणि काँगो स्वतःची खासगी मालमत्ता म्हणून चालवणाऱ्या बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाला १९०८ मध्ये तो सोडावा लागला. सोडला तो बेल्जियमकडे, काँगोच्या लोकांकडे नाही, पण असो.

इंग्रज विसरले म्हणून आपण बोंब मारतो. मारायलाच हवी. पण हूपरचे ते फोटो दरवर्षी '१९४३ चा बंगालचा दुष्काळ' म्हणून फॉरवर्ड कोण करतं? आपणच, काकांपासून भाच्यापर्यंत. साठ-पासष्ट वर्षं इकडची तिकडे, प्रांतही चुकीचा. उपाशी माणूस कुठलाही चालतो आपल्याला, त्याच्याखाली आपला राग लिहिता आला की झालं. आणि २०२१ मध्ये जालियनवाला बागेच्या त्या अरुंद वाटेत हसऱ्या चेहऱ्यांची शिल्पं बसवली, ती काय लंडनहून येऊन कुणी बसवली? (स्वातंत्र्यानंतरच्या आपल्याच फोटोंचं काय, असं कुणीतरी विचारेलच. विचारा. उत्तर मलाही आवडणार नाही.)

जाऊ दे, फार चिडून लिहिलं. मी तेव्हा लहान नव्हते, तिशीत होते. कुणी हसायला सांगितलं नव्हतं. कॅमेरा समोर आला की तोंड आपोआप हसतं, एवढंच.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. "इथं नको" म्हणजे काय, ते विचारायचं राहिलं.

मघाशी फोटो डिलीट करायला घेतला. मोठा करून पाहिला तर डाव्या कोपऱ्यात, माझ्या पायांशी, एक सावली आलीये. कोपरं बाहेर काढून, दोन्ही हातांनी फोन धरलेली.

राहू दिलाय. फक्त 'ओन्ली मी' केलाय.